जपानच्या शाळांत इंग्रजी शिकवतच नाहीत?

'जपानमध्ये मुलांना इंग्रजी शिकवतच नाहीत, म्हणून तो देश पुढे गेला,' हा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे.

त्यातला अर्धा भाग खरा आहे. गणित, विज्ञान, इतिहास तिथे जपानीतूनच शिकवतात. पण माध्यम वेगळं आणि विषय वेगळा. २०२० च्या अभ्यासक्रमानुसार परकीय भाषेला, म्हणजे व्यवहारात इंग्रजीलाच, तिसरी-चौथीत वर्षाला ३५ तासिका आहेत, पाचवी-सहावीत ७०. सातवी ते नववीत १४०, आठवड्याला चार!

शाळाशाळांत इंग्रजी वक्तृत्व स्पर्धाही होतात. भाषण पाठ करायचं, बहुधा पाचेक मिनिटांत संपवायचं. वेळ ओलांडली की गुण जाण्याची भीती. मुलं अडखळतात ती 'एल' आणि 'आर'मध्ये, शिवाय शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाला नकळत स्वर चिकटतो, कारण जपानी अक्षरं बहुतेक स्वरान्तच असतात. परदेशात राहून आलेल्यांसाठी अनेक स्पर्धांत वेगळा गट किंवा वेगळे नियम असतात, आणि ते रास्तच आहे. इंग्रजीच्या शिक्षकांच्या विभागीय संमेलनांतही प्रत्यक्ष तास सर्वांसमोर घेऊन त्यावर चर्चा करतात.

पडताळायचं असेल तर तिथल्या कुठल्याही माध्यमिक शाळेचं वेळापत्रक उघडा आणि भाषांतराच्या ॲपमधून वाचा. विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक परीक्षेतही इंग्रजी आहे. २००६ पासून श्रवणचाचणीसकट.