कोलाज-कादंबरी, अतिवास्तववादी

जुन्या छापील चित्रांचे तुकडे कापून, ते एकमेकांना जोडून नवी चित्रे तयार करणे आणि त्या चित्रांच्या क्रमातून पुस्तकभर एक कथानक, किंवा निदान कथानकाचा भास, उभा करणे असा हा ग्रंथप्रकार आहे. जर्मन चित्रकार माक्स अर्न्स्ट (१८९१–१९७६) याने तो रूढ केला. ‘ला फाम सां तेत’ (१९२९), कार्मेल या जोगिणींच्या मठात जाऊ इच्छिणाऱ्या लहान मुलीच्या स्वप्नाचे पुस्तक (१९३०) आणि ‘युन समेन द बोंते’ (१९३४) ही त्याची तीन पुस्तके या प्रकाराचा गाभा मानली जातात. पहिल्या पुस्तकाच्या नावाचा ‘शंभर डोक्यांची स्त्री’ असाही अर्थ होतो आणि केवळ उच्चार ऐकला तर ‘डोके नसलेली स्त्री’ असाही. हे दोन्ही अर्थ एकाच उच्चारात बसवणे मराठीत साधत नाही. अतिवास्तववादाचा, म्हणजे स्वप्न व अबोध मन यांना महत्त्व देणाऱ्या कला-साहित्य चळवळीचा, प्रवर्तक आंद्रे ब्रताँ याने या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली होती.

या तंत्राच्या उगमाविषयी मतभेद आहेत. १९३६ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात अर्न्स्टने असे सांगितले आहे, की १९१९ मध्ये ऱ्हाइनकाठच्या एका शहरात, पावसाळी दिवशी, शैक्षणिक साधनांचा एक सचित्र सूचिग्रंथ त्याच्या हाती पडला. मानवशास्त्र, खनिजशास्त्र, सूक्ष्मदर्शकाखालचे जीव अशा परस्परांशी संबंध नसलेल्या चित्रांची एका पानावरची गर्दी पाहून त्याची दृष्टी भ्रमिष्टासारखी तीव्र झाली. ही हकीकत अनेक ग्रंथांत जशीच्या तशी उतरवली जाते. तथापि ती घटनेनंतर सुमारे सतरा वर्षांनी आणि अतिवास्तववादी भूमिकेतून लिहिलेली असल्याने जपून वापरावी लागते. शिवाय तिच्यात कात्री आणि डिंक यांचे काम फारसे नाही. सूचिग्रंथाच्या पानावर रंग, रेषा किंवा क्षितिज चढवणे, म्हणजे छापील चित्रावर रंगकाम करून नको तो भाग झाकणे, हीच कृती तिच्यात वर्णिली आहे, आणि १९२० च्या सुमाराच्या त्याच्या बऱ्याच कृती तशाच आहेत. कागद चिकटवण्याची रीत पिकासो व ब्राक या चित्रकारांनी १९१२ मध्येच चित्रात आणली होती. बर्लिनच्या दादावाद्यांचा, म्हणजे रूढ कलेची खिल्ली उडवणाऱ्या गटाचा, छायाचित्रे जोडण्याबाबतचा दावाही अर्न्स्टच्या या सुरुवातीच्या काळातलाच आहे. तेव्हा अग्रक्रमाचा वाद फार ताणण्यात अर्थ नाही. पोल एल्युआर या कवीबरोबर १९२२ मध्ये केलेल्या दोन पुस्तकांत अर्न्स्टची पुढची पद्धत दिसू लागते, एवढे मात्र निश्चितपणे म्हणता येते.

या पुस्तकांचे आकर्षण कशात आहे, याचे स्पष्टीकरण बहुधा अर्न्स्टच्या बालपणातील आठवणी, फ्रॉइडचे मनोविश्लेषण किंवा किमयाविद्येची प्रतीके यांच्या आधारे दिले जाते. व्हेर्नर श्पीस यांच्यासारखे अभ्यासक मूळ चित्रांचा शोध व कापण्याची पद्धत यांना महत्त्व देतात, आणि ती दिशा अधिक फलदायी वाटते. अर्न्स्टने वापरलेली चित्रे मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील रहस्यकथा, विज्ञानमासिके व विक्रीसूची यांतील होती; झ्यूल मारी याची १८८३ मधील एक लोकप्रिय कादंबरी हा त्यांतला ओळखता आलेला एक स्रोत. ही चित्रे कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर टोकदार कोरणीने कोरलेली असत. त्यांत करडा रंग नसतो. सावली, कापडाची चुणी, धूर, कातडी हे सारे समांतर रेषा दाट-विरळ करून दाखवलेले असते. त्यामुळे एका चित्रातील कोट दुसऱ्यातील सिंहाच्या मुंडक्याला जोडला तरी रेषांची जात एकच राहते. अशा कोलाजचा छायाचित्रणाने लाइन ब्लॉक, म्हणजे केवळ रेषा छापणारा धातूचा ठसा, केला, की कागदाची जाडी, डिंकाचे डाग आणि कापल्याची कड छपाईत नाहीशी होते. छायाचित्रे बारीक ठिपक्यांनी छापण्याच्या हाफटोन पद्धतीच्या प्रसारानंतर ही कोरीव चित्रे मागे पडली होती. १९२९ च्या वाचकाने ती लहानपणी पुस्तकांत पाहिली होती आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. अशा विश्वासार्ह, काहीशा रटाळ पृष्ठभागावर अघटित घडते, म्हणून ते झोंबते.

‘युन समेन द बोंते’, म्हणजे ‘दयाळूपणाचा एक आठवडा’, यातील कोलाज अर्न्स्टने १९३३ मध्ये इटलीतील व्हिगोलेनो येथील मुक्कामात सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण केले. सात वारांच्या सात पुस्तिका योजल्या होत्या, परंतु पहिल्या चारांची विक्री अपेक्षेप्रमाणे न झाल्याने उरलेले तीन वार पाचव्या पुस्तिकेत कोंबावे लागले. प्रत्येक वाराला एक तत्त्व आणि एक उदाहरण दिलेले आहे : रविवारी चिखल व बेलफोरचा सिंह (फ्रान्समधील एक स्मारकशिल्प), सोमवारी पाणी, मंगळवारी अग्नी व ड्रॅगनचे प्रांगण, बुधवारी रक्त व ग्रीक पुराणकथेतील इडिपस. चित्राखाली मजकूर नाही. सोमवारी शयनगृहात लाटा शिरतात; मंगळवारी दिवाणखान्यातील सभ्य बायकांना वटवाघळाचे पंख फुटतात. बुधवारच्या एका पानावर आगगाडीच्या डब्यात पक्ष्याच्या डोक्याचा, नीटनेटक्या कपड्यातला माणूस बसला आहे आणि खिडकीबाहेर स्फिंक्स, म्हणजे इडिपसला कोडे घालणारा पुराणकथेतील प्राणी, आहे. डब्याची गादी मात्र कोणत्याही डब्यातल्यासारखीच आहे.

या पुस्तकांना चित्रकादंबरी म्हणावे का, हा प्रश्न परिभाषेचा आहे; ती संज्ञा बरीच नंतरची. फ्रान्स मासरील व लिंड वॉर्ड या चित्रकारांच्या शब्दविरहित काष्ठचित्र-कादंबऱ्या समकालीन असल्या, तरी त्यांतील चित्रे लेखकाने स्वतः कोरलेली व कथानक सलग आहे. १९७० च्या दशकातील म्यबियूस या चित्रकथाकाराच्या फ्रेंच चित्रकथांत स्वप्नाचा तर्क पुन्हा येतो, परंतु तेथे चित्रकाराचा हात उघड दिसतो.

‘युन समेन द बोंते’चे मूळ कोलाज १९३६ मध्ये माद्रिद येथे मांडले गेले, त्यानंतर ते २००८ मध्ये व्हिएन्नात आणि २००९ मध्ये पॅरिसमध्ये प्रदर्शित झाले. मधल्या काळात वाचकांपुढे होती ती केवळ छापील आवृत्ती, जिच्यात सांधे दिसत नाहीत. मूळ कागदांवर ते जवळून पाहता दिसतात : एका तुकड्याचा कागद किंचित पिवळा, शेजारचा जरा पांढरा, आणि मध्ये कात्रीची बारीक कड.