निपचित ससा शांत नसतो

बेळगाव-खानापूरकडच्या परड्यात कोंबड्यांच्या जोडीला ससे पाळायला घेतले की पहिले काही महिने सोपे जातात. न्यूझीलंड व्हाईट किंवा सोव्हिएत चिंचिला जातीची मादी साधारण ३१ दिवसांत विते. पिलांना लसूणघास, शेवरीचा पाला आणि थोडा भरडा मिळाला की तीन महिन्यांत ती दोन किलोच्या आसपास भरतात. अवघड दिवस त्यानंतर येतो. कोंबडी कापायची रीत घरात बघून-बघून कळलेली असते, बकरं खाटकाकडं जातं. सशाचं मात्र कुणी शिकवलेलं नसतं. मग त्याला कानाला धरून उचलतात, उताणा करून सुरी लावतात, आणि तो हलत नाही म्हणून ‘गप आहे, त्याला काही कळत नाही’ असं म्हणतात. ही समजूत साफ चुकीची आहे, आणि सशाचे बरेच हाल तिच्यामुळंच होतात.

पाठीवर टाकलेला ससा लुळा पडतो, त्याला ‘टॉनिक इमोबिलिटी’ म्हणतात. कोल्ह्याच्या जबड्यात सापडलेल्या जनावराची ही शेवटची खटपट असते: मेल्यासारखं पडून राहायचं, पकड सैल झाली की निसटायचं. बाहेरून ससा निपचित असतो, पण तणावाची संप्रेरकं रक्तात वाढलेली असतात. ससा एरवी ओरडतही नाही. ओरडलाच, तर भीती किंवा वेदना टोकाला गेलेली असते.

याच्या अगदी उलट गोष्ट नंतर दिसते. योग्य पद्धतीत डोक्यावर घाव घालून सशाला आधी बेशुद्ध करतात. तो घाव नीट बसल्यावर ससा जोरजोरानं पाय झाडतो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण त्या क्षणी सशाला काहीही जाणवत नसतं. मागचे पाय उडवण्याची लय मज्जारज्जूतल्या पेशींच्या जाळ्यातच असते आणि मेंदू तिला एरवी आवरून धरतो. मेंदू बंद पडला की तो आवर सुटतो. म्हणून ‘हलतोय की नाही’ यावरून काहीच ठरवू नये. बघायचं ते वेगळं. बरगड्या ठरावीक लयीत वरखाली होतात का? बुबुळाला बोटाचं टोक हलकेच लावल्यावर पापणी मिटते का? मान उचलायचा प्रयत्न होतो का? यातलं एकही दिसलं तरी मेंदू अजून जागा आहे असं धरून, क्षणही न दवडता दुसरा घाव घालायचा. ही तपासणी ज्याला येत नाही त्यानं हे काम हातात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी बेशुद्धी, मग रक्त, हा क्रम का? शुद्धीतल्या जनावराचा गळा चिरला तर मेंदूचा रक्तपुरवठा घटून शुद्ध हरपायला काही सेकंद जातात आणि ते सेकंद त्याला भोगावे लागतात. जोरदार, नेमक्या घावानं मात्र कवटीला बसलेला हादरा मेंदूचं काम त्याच क्षणी थांबवतो. बोल्ट मारण्याचं हत्यार (कवटीवर लोखंडी दांड्याचा जोरदार ठोका देणारं) असेल तर ते कपाळाच्या मध्यरेषेवर, डोळे आणि कान यांच्या मधोमध टेकवतात. हातानं मान निखळवण्याची पद्धत किलोभराच्या आतल्या सशांपुरती. मोठ्या सशाची मान जाड असते आणि अर्धवट ओढ म्हणजे नुसत्या वेदना. बेशुद्ध होताच लगेच मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापायच्या. दोन किलोच्या सशाच्या अंगात रक्त जेमतेम १२० मिलिलिटर असतं. हे सगळं पशुवैद्यक किंवा जाणत्या माणसाकडून शिकावं आणि जागा, पकड, कोन यांचा सराव आधी मेलेल्या सशावर करावा.

भीतीचा हिशेब मटणातही उतरतो. जिवंत स्नायूचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका खाली तितका आंबटपणा जास्त) ७ च्या जवळ असतो. मेल्यावर स्नायूतल्या ग्लायकोजेनचं (साठवलेल्या साखरेचं) लॅक्टिक आम्ल होतं आणि सामू साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरतो. त्या आंबटपणात जिवाणू सावकाश वाढतात. ससा आधीच घाबरून, धडपडून थकला असेल तर ग्लायकोजेन संपलेलं असतं, सामू खाली येत नाही, मटण काळपट, चिवट होतं आणि लवकर खराब होतं. म्हणून आदल्या रात्रीपासून चारा बंद पण पाणी शेवटपर्यंत, कामाला गार पहाट, एका हातानं मागचा भाग तोलून अंगाशी धरणं, आणि बाकीच्या सशांच्या नजरेआड काम.

कातडं अंग गरम असतानाच काढावं. मागच्या पायांनी टांगून गुडघ्याखाली गोल काप दिला की मोजा उलटा काढावा तसं ते खाली येतं. पोट उघडताना सुरीचं टोक वर ठेवा. सशाचं आंधळं आतडं ही पोटातली सगळ्यात मोठी पिशवी. उपाशी ठेवूनही ती भरलेलीच असते. ती, लघवीची पिशवी आणि काळजाला (यकृताला) चिकटलेली पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही. दोन किलोतून किलोभर मटण हाती येतं. काही तासांत ते ताठरतं, कारण स्नायूंचे धागे सोडवायला लागणारी ऊर्जा संपते; पुढं स्नायूतलीच विकरं त्याला मऊ करतात. आपल्याकडं घाईनं रस्सा चढवतात, पण मटण रात्रभर फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवलेलं बरं.

एक कायद्याची गोष्ट. हे सगळं पाळीव सशापुरतं. भीमगडाच्या जंगलात किंवा उसाच्या बांधावर दिसणारा रानससा वेगळ्या जातीचा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला मारणं गुन्हा आहे. पाळीव सशाचं मटण विकायचं असेल तर परवाना आधी.

काळीज उजेडात नीट बघा. त्यावर पिवळट-पांढऱ्या गाठी असतील तर बहुधा कॉक्सिडिया या परजीवीची बाधा असते. असं काळीज फेकून द्यायचं आणि पिंजऱ्याची सफाई वाढवायची. पोटातल्या पडद्यांवर वाटाण्याएवढे पाण्याचे फोड दिसले तर ती कुत्र्याच्या पट्टकृमीची अळी. कुत्र्यानं ती कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर आणि गवतातून पुन्हा सशात जातात. म्हणून दारातला कुत्रा कितीही शेपटी हलवत बसला तरी आतडी त्याच्यापुढं टाकू नका. खोल खड्डा काढून पुरा.