लेडी बँक्स आणि रोपवाटिकेतली शिकार

वेलगुलाब म्हणतो आपण, पण तो खरा वेल नाहीच. त्याला ना ताणे, ना विळखा घालणारं खोड. लांब फांद्या शेजारच्या झाडात घुसतात आणि खाली वाकलेले काटे तिथे अडकून बसतात. हे काटेही फसवे. लिंबाचा काटा म्हणजे बदललेली फांदी, तो सहज तुटत नाही. गुलाबाचा काटा निव्वळ सालीवरची वाढ. अंगठ्याने बाजूला रेटला की टक्‌कन निघतो आणि मागे गुळगुळीत खूण राहते.

'लेडी बँक्स' या गुलाबाकडे तर तेवढंही नाही, तो जवळजवळ बिनकाट्याचा. त्यामुळे कमानीवर चढवायचा तर बांधावाच लागतो.

इंग्लंडमधल्या क्यू उद्यानाने १८०३ मध्ये विल्यम कर या माळ्याला चीनला पाठवलं. पाठवण्यामागे होते जोसेफ बँक्स, कॅप्टन कुकबरोबर जगप्रवास केलेले निसर्गशास्त्रज्ञ. अशा लोकांना 'वनस्पतींचे शिकारी' म्हणतात, आणि डोळ्यांसमोर दऱ्याखोऱ्या येतात. प्रत्यक्षात परक्यांना तेव्हा कँटन या चिनी बंदरातल्या वखारींपलीकडे फारसं फिरताच येत नसे. करची शिकार मुख्यतः नदीपलीकडच्या फा-ती इथल्या रोपवाटिकांत चाले. तिथले माळी विकायचे, हा घ्यायचा! त्याने धाडलेला पांढरा, भरगच्च पाकळ्यांचा गुलाब १८०७ मध्ये इंग्लंडला पोचला आणि त्याला बँक्स यांच्या पत्नीचं, डोरोथिया यांचं, नाव मिळालं.

तो रानातला नव्हता हे फूलच सांगतं. रानगुलाबाला पाकळ्या पाच. भरगच्च 'डबल' गुलाबात पुंकेसरांच्याच पाकळ्या होतात. कुठलाही डबल गुलाब हळूहळू सोलून पाहा: आतल्या एखाद्या आखूड, वेड्यावाकड्या पाकळीच्या कडेला परागाची पिवळी पुटकुळी चिकटलेली सापडते. पुंकेसर गेले की परागही गेले, बी धरणं जवळपास संपलं. असं झाड रानात टिकत नाही. कोणीतरी ते हेरून, कलमं करून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं असतं, आणि ते काम विल्यम कर कँटनला पोचण्याच्या कितीतरी आधीच झालं होतं.

छाटणी मात्र बेताने. लेडी बँक्सला फुलं जुन्या लाकडावर, म्हणजे आधीच्या वर्षीच्या फांद्यांवर येतात. हिवाळ्यात कात्री चालवली की त्या वसंतातला बहर गेलाच. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावी स्कॉटलंडहून आलेलं याचं एक कलम १८८५ मध्ये लावलं होतं. आज ते एकच झाड मांडवावर ८,००० चौरस फुटांहून जास्त पसरलं आहे.