बादलीतला पांढरा थर आणि ॲसिडच्या आधीचा २

इंदूरला उन्हाळ्यात 'आज नर्मदा आली नाही', म्हणजे नळाला नर्मदेचं पाणी नाही, म्हटलं की बोरिंगची मोटर सुरू, आणि बोरिंगच्या पाण्याने बादलीला, गीझरच्या रॉडला कसा खरखरीत पांढरा थर चढतो हे आम्हा रामबागवाल्यांना सांगायला नको. तो थर म्हणजे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेट, संगमरवरात असतं तेच. त्यावर बाथरूमचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, पडलं की फस्सकन फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइड. बाकी उरतं पाणी आणि त्यात विरघळलेलं कॅल्शियम क्लोराइड.

आता याचं समीकरण बॅलन्स करताना दहावीची पोरं एक हमखास घोळ घालतात. डावीकडे क्लोरीन १, उजवीकडे २, मग काय, कॅल्शियम क्लोराइडमधला (CaCl₂) खालचा २ खोडून मोकळे! क्लोरीनचा हिशोब जुळतो हो, पण हायड्रोजनचा नाही, आणि असा पदार्थच नसतो. कॅल्शियमवर दोन प्लस, क्लोराइडवर एक मायनस, म्हणून एका कॅल्शियमला दोन क्लोराइड लागणारच, तिथे हात लावायचा नाही. आकडा बदलायचा तो फक्त आधीचा:

कॅल्शियम कार्बोनेट + २ हायड्रोक्लोरिक ॲसिड → कॅल्शियम क्लोराइड + पाणी + कार्बन डायऑक्साइड

दोन हायड्रोजन पाण्यात गेले, कार्बोनेटच्या तीन ऑक्सिजनपैकी एक पाण्यात, दोन गॅसमध्ये. ग्रॅममध्ये बघायचं तर १०० + ७३ = १११ + १८ + ४४, दोन्हीकडे १७३. सिरका घेतला तरी हाच २ लागतो, विझवलेल्या चुन्यालाही २ च. कॅल्शियम फॉस्फेट जरा भारी वाटतं, पण फॉस्फेट फोडायचंच नाही, अख्खं मोजायचं: तीन कॅल्शियम म्हणून सहा क्लोराइड, म्हणजे ६ ॲसिड, आणि उजवीकडे ३ कॅल्शियम क्लोराइड, २ फॉस्फोरिक ॲसिड. झालं.

सल्फ्युरिक ॲसिडचं समीकरण तर काही न करताच जुळतं, सगळीकडे एकेकच. पण संगमरवराचा खडा त्यात टाकला तर थोडा वेळ फेस येतो आणि मग सगळं थंड, कारण कॅल्शियम सल्फेट पाण्यात फार कमी विरघळतं आणि खड्यावरच बसतं. कागदावर हे कुठेच दिसत नाही.

आणि बाथरूममध्ये ॲसिड ओतल्यावर वर ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांसाठी, तेही कॅल्शियमचंच, कॅल्शियम हायपोक्लोराइट:

कॅल्शियम हायपोक्लोराइट + ४ हायड्रोक्लोरिक ॲसिड → कॅल्शियम क्लोराइड + २ पाणी + २ क्लोरीन

तो शेवटचा क्लोरीन विषारी गॅस आहे, बंद बाथरूममध्ये जीवावर बेतू शकतो.