गोड बातमीच्या आधीची गोळी

ठाण्यात राहणारी, रोज ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला नोकरीला जाणारी एखादी मुलगी घ्या. पाळी नियमित, २८ दिवसांची. १ तारखेला पाळी आली, १५ च्या सुमारास बीज सुटलं आणि गर्भ राहिला. २९ ला पाळी यायला हवी होती, आली नाही. दगदगीत होतं मागेपुढे, म्हणून ती आठवडाभर वाट बघते. मग मेडिकलमधून किट येतं, दोन रेघा दिसतात. डॉक्टरांकडे जायचं शनिवारी, कारण नवऱ्याला सुट्टी तेव्हाच. डॉक्टर फोलिक अ‍ॅसिड लिहून देतात, तोवर गर्भधारणेला जवळपास चार आठवडे झालेले असतात.

आणि या गोळीचं सगळ्यात मोठं काम नेमकं याच चार आठवड्यांत असतं.

गर्भाच्या पाठीकडे सुरुवातीला पेशींची एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींना भेटतात आणि करंजीसारख्या मिटतात. तयार झालेल्या नळीतूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतो. मिटायला सुरुवात मानेच्या भागात होते. गर्भधारणेपासून मोजलं तर डोक्याकडचं टोक साधारण २५ व्या दिवशी बंद होतं, खालचं २८ व्या दिवसापर्यंत. खालचं टोक उघडं राहिलं तर बाळाचा मणका दुभंगलेला राहतो, वरचं राहिलं तर मेंदू आणि कवटी नीट बनतच नाही. सोनोग्राफीत हे दिसतं, पण उघडी राहिलेली नळी नंतर घेतलेल्या गोळीने मिटत नाही.

पेशीला दुभागायचं तर आधी डीएनएची नवी प्रत लागते आणि ती बनवायला फोलेट हे जीवनसत्त्व हवं; गोळीतलं फोलिक अ‍ॅसिड हे त्याचंच रूप. ते कमी पडलं की भरभर वाढणाऱ्या पेशी आधी अडखळतात. याचा पहिला धागा सापडला तो आपल्याच मुंबईत. ल्युसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये इथे आली. गिरणगावातल्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत होता. लाल पेशी संख्येने कमी आणि आकाराने भलत्याच मोठ्या, म्हणजे वाढलेल्या पण दुभागू न शकलेल्या. यीस्टच्या अर्काने, साध्या मार्माइटने, त्या बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये तिने हे छापलं. त्यातला घटक म्हणजे फोलेट, हे पुढच्या दशकात कळलं. मज्जारज्जूशी त्याचा संबंध पक्का व्हायला मात्र १९९१ उजाडलं. आधीचं बाळ या दोषाचं असलेल्या बायकांनी गर्भ राहण्याआधीपासून फोलिक अ‍ॅसिड घेतलं, तेव्हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटल्याचं मोठ्या चाचणीत दिसलं. सगळेच दोष टळत नाहीत, हेही तितकंच खरं.

‘आम्ही भरपूर पालेभाज्या खातो’ हे उत्तर हमखास येतं. जांभळी नाक्यावरून पालक, मेथी, चवळी जरूर आणा, डाळी-उसळीही खा. पण फोलेट पाण्यात विरघळतं, उष्णतेने नासतं, आणि पालक उकडून पाणी ओतून दिलं तर बरंचसं मोरीत जातं. म्हणून मूल हवं असं ठरलं की किमान महिनाभर आधीपासून, आणि गर्भ राहिल्यावर १२ आठवड्यांपर्यंत, रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी. सरकारी कार्यक्रमातही मात्रा हीच आहे. दुकानात सर्रास मिळणारी ५ मिलिग्रॅमची गोळी त्याच्या साडेबारापट असते. ती आधीचं बाळ बाधित असलेल्यांना वगैरे डॉक्टर देतात, आपल्या मनाने घ्यायची नाही. फिट्सवर व्हॅल्प्रोएट चालू असेल किंवा मधुमेह असेल, तर पाळी चुकायची वाट न पाहता आधीच डॉक्टरांना भेटा, आणि फिट्सची गोळी परस्पर बंद करू नका. शाकाहारी घरात बी-१२ ही तपासून घ्यावं, कारण एकट्या फोलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

‘तिसरा महिना लागेपर्यंत कुठे बोलू नये’ ही रीत आहे, असू दे. शेजारणीला उशिरा कळलं तर काहीच बिघडत नाही.

पण बऱ्याचदा दिवस जातात ते न ठरवताच. त्यासाठी अमेरिकेने १९९८ पासून पिठातच फोलिक अ‍ॅसिड मिसळणं सक्तीचं केलं. आपल्याकडे हे गव्हाच्या पिठाच्या बाबतीत ऐच्छिक आहे. मिसळलेलं असेल तर पाकिटावर निळं ‘+एफ’ चिन्ह असतं. गिरणीतून दळून आणलेल्या पिठात अर्थातच ते नसतं.