कूलंटची अंतर्गत गळती

गाडीखाली थेंबही न पडता कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ज्वलनकक्षात किंवा इंजिन ऑइलमध्ये शिरण्याचा दोष. पुण्याच्या गॅरेजांत ‘गाडी पाणी खाते’ एवढेच म्हणतात. वाट बहुधा हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या सीलमधून असते.

आधी गॅस्केट जाते की आधी इंजिन तापते, यावर जाणकारांत दुमत आहे. अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे बिडाच्या ब्लॉकवर अ‍ॅल्युमिनियमचे हेड असल्यास मधले गॅस्केट दर गरम-थंडीला घासले जाते आणि इंजिन कधीही न तापता झिजू शकते. तरीही खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा एकदा लाल पट्ट्यात गेला असेल, तर हेड वाकल्याचा संशय अधिक सयुक्तिक. पोलादी पट्टी हेडवर उभी, आडवी व दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पाती) सरकवतात. वाकण्याची मर्यादा अनेक इंजिनांत ०.०५ मिमी.च्या आसपास असते. फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणे) न करता नुसते गॅस्केट बदललेली गाडी बहुधा परत येते.

हेड उतरवण्याआधी रेडिएटरचे झाकण तपासावे. पुणे सुमारे ५६० मी. उंचीवर असल्याने उघडे पाणी येथे ९८° से.ला उकळते, झाकण दाब धरत नसेल तर कूलंट उकळून ओव्हरफ्लोवाटे जाते आणि गॅस्केटवर उगाच आळ येतो. मग थंड इंजिनावर रेडिएटरच्या तोंडाला लावलेल्या हातपंपाने झाकणावरील आकड्याइतका (बहुधा ०.९ ते १.१ बार) दाब देऊन पंधरा मिनिटे थांबावे. बाहेर ओल नसताना पंपाचा काटा उतरला, तर प्लग काढून स्टार्टर फिरवावा. दोषी सिलिंडरातून फवारा येतो व त्याचा प्लग धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. निळ्या द्रवाच्या परीक्षेत चालू इंजिनाच्या रेडिएटरमधील वाफा द्रवातून ओढतात. ज्वलनवायू असल्यास द्रव पिवळा पडतो. आधी पातळी थोडी उतरवावी, नाहीतर नळीत कूलंटच चढते.

ऑइलच्या झाकणाखालचा चहाच्या सायीसारखा थर पुरावा म्हणून कच्चा. पावसाळ्यात कोथरूड–डेक्कन एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या निरोगी गाडीतही तो बाष्पामुळे जमतो. डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल तरच तो गंभीर मानावा. उलट कूलंटमध्ये ऑइल तरंगत असेल, तर ऑइल कूलर आधी पाहावा. चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून कूलर फुटल्यास ऑइलच कूलंटमध्ये शिरते.

डिझेल गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा एक्झॉस्ट वायू कूलंटने थंड करणारा भाग) फुटल्यासही पांढरा धूर येतो. हा कूलर सोडवून, तोंडे बंद करून, हवा भरून पाण्यात बुडवला की बुडबुडे दिसतात.