स्टोइक : ओसरीवरून आलेले नाव आणि त्याचा आक्रसलेला अर्थ

कितीही मोठा आघात झाला तरी चेहऱ्यावरची रेषही न हलणाऱ्या माणसाला हल्ली सर्रास ‘स्टोइक’ म्हटले जाते. मूळ स्टोइक म्हणजे प्राचीन ग्रीसमधला एक तत्त्वज्ञानाचा पंथ; त्यांची शिकवण मात्र चेहऱ्याबद्दल नव्हतीच.

अथेन्सच्या बाजारचौकाच्या उत्तरेला खांबांची एक लांब ओसरी होती, ‘स्टोआ पोइकिले’, म्हणजे चित्रांनी रंगवलेली ओसरी. मॅरेथॉनच्या लढाईचे प्रसिद्ध चित्र तिथलेच. सायप्रसमधल्या किटिऑनचा तत्त्वज्ञ झेनो इ. स. पू. 300 च्या सुमारास तिथे शिकवू लागला. त्याच्या शिष्यांना आधी ‘झेनोचे लोक’ म्हणत. पुढे जागेचेच नाव रूढ झाले.

त्यांच्या मते आधी एखादी गोष्ट मनावर आदळते, मग ‘हे माझे वाईट झाले’ या निवाड्याला मन होकार देते आणि त्या होकारातून विकार उठतो. पहिला आघात आपल्या हातात नाही, होकार आहे. विकार चार : हाव, भीती, सुखाची धुंदी आणि दुःख. यांतून सुटका म्हणजे ‘अपाथेइया’. पहिल्या तिघांच्या जागी शहाण्या माणसाकडे सदिच्छा, सावधपणा आणि आनंद असतात. दुःखाला मात्र असा निरोगी पर्याय त्यांनी दिलाच नाही, आणि ही शिकवण पचायला सर्वांत जड जाते ती इथेच. भावना दाबणे यात बसत नाही. दाबावा असा विकार उठला, याचा अर्थ चुकीचा होकार आधीच देऊन झाला.

दुसऱ्या शतकातला रोमन लेखक ऑलस गेलियस एक प्रसंग सांगतो. समुद्रात वादळ उठले आणि जहाजावरचा एक नामांकित स्टोइक पांढराफटक पडला. नंतर गेलियसने कारण विचारले, तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटस या स्टोइक गुरूच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून दाखवला : दचकणे, रंग उडणे शहाण्यालाही चुकत नाही; तो फक्त त्या भीतीला दुजोरा देत नाही. तो भाग आज हरवला आहे. आठांपैकी चारच उरले आहेत.

हरवण्याचा हा प्रकार इथेच थांबत नाही. झेनो आणि पंथाचा पुढचा प्रमुख क्रिसिप्पस यांचे एकही पुस्तक पूर्ण उरलेले नाही. प्लूटार्क आणि गेलन यांच्यासारख्या विरोधकांनी खोडून काढण्यासाठी दिलेल्या उताऱ्यांतून बरेचसे कळते. त्यात ‘अपाथेइया’पासून निघालेल्या ‘ॲपथी’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ बेपर्वाई असा झाला. 16 व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्रजीत ‘स्टोइक’ म्हणजे भावना गिळणारा माणूस, असा वापर सुरू झालेला दिसतो.

इंग्रजी लेखनात पंथासाठी मोठे आद्याक्षर आणि स्वभावासाठी लहान, एवढा भेद तरी करता येतो. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून मराठीत दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. स्वभाव सांगायचा तर सोशिक, खंबीर, निर्विकार यांतला नेमका शब्द घ्यावा आणि ‘स्टोइक’ पंथासाठी राखावा. ‘स्थितप्रज्ञ’ही जपून वापरावा. गीतेतल्या लक्षणांशी साम्य आहे, पण तिथला आधार आत्म्यात स्थिर होणे हा आहे. स्टोइकांचा सारा भर निवाडा तपासण्यावर.